सदतीस नावांचा कोरा दगड

दोष फान गुरुजींचा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण तळ्याकाठच्या चहाच्या टपरीवर जे म्हातारे बसलेले असतात ते तुम्हाला तसं सांगणार नाहीत. ते म्हणतील, वणव्याचा दोष, म्हणतील, वाऱ्याचा. एक जण तर सगळं खापर डोंगरातल्या कोल्हिणीवर फोडतो. म्हाताऱ्यांना म्हाताऱ्यांची बाजू घ्यायची खोडच असते. त्यांचं ऐकून घ्या, चहा प्या, आणि मग इथे दगडापाशी या.

हे शीमोचं तळं. पाणी काळं दिसतं ते झाडांच्या सावलीमुळे नव्हे; ओंजळीत घेतलंत तरी काळंच राहील. फान घराण्याच्या चार पिढ्यांनी आणि त्यांच्या शेकडो शिष्यांनी यात शाईचे कुंचले धुतले, त्यानं हे तळं तळापर्यंत काळं झालं, असं सांगतात. पण पांढरं फडकं यात बुडवून वाळत घातलं, तर कडेला तांबूस डाग उमटतो. मागे जिल्ह्याहून एक अधिकारी आला, बाटलीत पाणी भरून घेऊन गेला, आणि कळवलं की जमिनीत लोखंडाचा अंश आहे. असेल. गाव वेगळं सांगतं.

आणि ही शिळा. दीड पुरुष उंच, समोरून आरशासारखी घासलेली, आणि कोरी. उजवीकडे अगदी वरच्या कोपऱ्यात बोट फिरवा. लागला ना? वाटाण्याएवढा एक ठिपका. एवढंच कोरलं गेलं. आमच्याकडे लिहिणं उजवीकडून सुरू होतं आणि वरून खाली येतं, म्हणजे हा पहिल्या नावाचा पहिला ठिपका. नाव कोणाचं, ते कोणाला ठाऊक नाही.

गोष्ट फार जुनी आहे. तेव्हा शीमो गाव शाईवर जगत असे. वर डोंगरात पाइनचं लाकूड मंद जाळायचं, त्याचा धूर बांबूच्या लांबलचक बोगद्यांतून फिरवायचा, आणि बोगद्याच्या पार टोकाला जी मऊसूत काजळी बसते ती पिसानं झाडून गोळा करायची. तीत सरस घालून, कुटून कुटून शाईच्या वड्या पाडायच्या. हे काजळीचं काम गावातलं कोणी करत नसे. दर हिवाळ्याच्या तोंडावर खिंडीपलीकडून मजूर येत, भट्ट्यांपाशीच राहत, आणि उन्हाळा लागला की खोकत परत जात. गाव त्यांना नावानं ओळखत नव्हतं. हा तिसऱ्या भट्टीचा, तो सातव्या भट्टीचा, एवढी ओळख गावाला पुरत होती.

त्यांनी केलेल्या शाईनं फान गुरुजी लिहीत. गुरुजींचं अक्षर म्हणजे दहा जिल्ह्यांत गाजलेलं. त्यांच्या पणजोबांनी एक वळण बसवलं होतं, त्याला फान वळण म्हणत, आणि ते एका रेघेनंही हलू न देणं हेच गुरुजींचं आयुष्य होतं. शिष्य आला की पहिलं वर्षभर त्यानं नुसती शाई उगाळायची. पुढची तीन वर्षं एकच अक्षर गिरवायचं, ज्यात कुंचल्याचे आठही तऱ्हेचे फटकारे येतात. एकदा ओढलेल्या रेघेवर पुन्हा कुंचला फिरवायचा नाही. चुकली तर चुकली, कागद फाडायचा. गुरुजी पाठीमागून मांजराच्या पावलांनी येत आणि शिष्याच्या हातातला कुंचला अचानक वर खेचत. निसटला, तर पकड कच्ची. त्या दिवशी जेवण नाही. आजकालचे म्हातारे याला तपश्चर्या म्हणतात. उपाशी ते राहिलेले नव्हते.

गुरुजींना एकच मूल. मुलगी, शूहुआ. ती सात वर्षांची असताना गुरुजींनी तिच्या मागून कुंचला खेचला, आणि तो निघालाच नाही. कुंचल्याबरोबर अख्खी पोरगी बसल्या जागेवरून वर उचलली गेली. गुरुजी आयुष्यात तेवढे एकदाच मोठ्यानं हसले म्हणे. त्या दिवसापासून त्यांनी तिला शिकवायला घेतलं. विशीत ती इतकं हुबेहूब फान वळण काढू लागली की तिनं लिहिलेल्या कागदावर गुरुजी आपला शिक्का मारत आणि घेणाऱ्याला पत्ता लागत नसे. तिला स्थळं आली. गुरुजींनी ती परतवली. वळण परक्या घरी जाईल, असं कारण दिलं. तिला कोणी विचारलं नाही.

एका हिवाळ्यात बर्फ फार पडलं आणि भट्ट्या वीस दिवस बंद राहिल्या. मजूर खाली उतरून इथे तळ्याकाठच्या फरशांवर ऊन खात बसू लागले. शूहुआ कुंचले धुवायला यायची. त्यांच्यातला एक, ज्याला गाव चौथ्या भट्टीचा टकल्या म्हणे, तिला म्हणाला, "ताई, आम्ही एवढी शाई करतो, पण या शाईनं आमचं नाव कसं दिसतं ते काही कधी पाहिलं नाही."

तिनं त्याला नाव विचारलं. गावात तसं विचारणारी ती पहिलीच. मग कुंचला साध्या पाण्यात बुडवून तिनं ते फरशीवर लिहून दाखवलं. तो वाकून बघू लागला. तेवढ्यात ऊन लागून नाव वाळलं.

"गेलं की!" तो म्हणाला.

"मग आता तुम्ही लिहा. पाणी तळंभर आहे."

असे ते सदतीस जण शिकले. कागद नाही, शाई नाही. बांबूच्या काठीला चिंधी बांधलेला कुंचला आणि पाणी. प्रत्येकाला फक्त स्वतःचं नाव. हात भट्टीची लाकडं उचलून राठ झालेले, त्यामुळे रेघा कुठल्या कुठे जात. एकाचं अक्षर चालताना लंगडल्यासारखं दिसे. दुसरा प्रत्येक ठिपका असा ठोकायचा, जणू खिळाच मारतोय. "ताई, मी एवढा सरळ माणूस, आणि माझं नाव असं झोकांड्या खातंय?" असं कोणी म्हणालं की बाकीचे ओरडत, "अरे, रात्रीची तुझी चाल ओळखली तिनं!" शूहुआ कोणाचं सुधारायची नाही. म्हणायची, वाचता येतंय ना, मग झालं.

गुरुजींनी एका दुपारी हे पाहिलं. घरी गेल्यावर ते म्हणाले, "चार पिढ्यांचं वळण तू चिखलात लोळवतेस."

"त्यांना वळण नकोय, बाबा. नाव हवंय."

"ज्याला वळण नाही, ते अक्षरच नव्हे."

"तुम्हीच तर शिकवलंत," शूहुआ म्हणाली. "राजांच्या भांड्यांवरची जुनी लिपी सुंदर होती, पण लिहायला फार वेळ खायची. मग कचेऱ्यांतल्या कारकुनांनी घाईघाईत तिच्या रेघा मोडल्या, गोलाचे चौकोन केले, आणि त्यातून पुढची लिपी आली. त्या कारकुनांनाही कोणीतरी म्हणालंच असेल, की ही अक्षरं नव्हेत."

असं ऐकलं की थोर माणसं जे करतात तेच गुरुजींनी केलं. आठ दिवस बोलणं टाकलं.

मग वारे सुटले. बर्फ वितळून महिना झाला होता, डोंगर खडखडीत वाळला होता, आणि एका दुपारी सातव्या भट्टीतून ठिणगी बाहेर पडली. बांबूचे बोगदे कागदानं लिंपलेले असतात. आग त्यांतून या टोकाची त्या टोकाला धावली, तिथून रानाला लागली. सगळे मजूर आत काजळी झाडत होते. गाव खाली उभं राहून बघत होतं. वर गेली ती एकटी शूहुआ, तोंडाला ओलं फडकं बांधून. तिसऱ्या दिवशी लाकूडतोड्यांना ती ओढ्यात सापडली. जिवंत होती, पण धुरानं घसा आतून जळला होता. त्यानंतर तिच्या तोंडून शब्द म्हणून फुटला नाही. छातीही गेलीच होती. वैद्यानं गुरुजींना बाजूला घेऊन सांगितलं, उन्हाळा निघणं कठीण.

सदतीस माणसं मेली आणि ओळख पटेल असं एकाचंही प्रेत नव्हतं. गावाला थोडी लाज वाटली असावी. पंचांनी ठरवलं, तळ्याकाठी शिळा उभी करायची. मजकूर अर्थात फान गुरुजींचा. गुरुजींनी दोनशे अक्षरांचा मजकूर रचला: डोंगराचं वर्णन, शाईची थोरवी, गावाचे पूर्वज, आणि शेवटच्या ओळीत 'या कामात सदतीस मजूर कामी आले'. नावं नव्हती. नावं शूहुआखेरीज कोणाला ठाऊकच नव्हती, आणि पंचांना ती लागतही नव्हती. गुरुजींचं सारं चित्त अक्षरांत होतं. कागद जळतो, त्याला वाळवी लागते; दगड टिकतो. दगडावर कागद लावून शाईचा बोळा थापला की काळ्यात पांढरी अक्षरं उमटतात, आणि असे ठसे देशभर जातात. पुढच्या हजार वर्षांतली पोरं या शिळेच्या ठशांवरून फान वळण गिरवतील, हे गुरुजींना डोळ्यांसमोर दिसत होतं. चाळीस दिवस ते नुसता सराव करत राहिले. पलीकडच्या खोलीत मुलगी खोकत होती.

दगडावर लिहायची रीत अशी, की हिंगूळ उगाळून त्या लाल रंगानं थेट शिळेवर लिहायचं आणि मागून पाथरवटानं त्या रेघांवर छिन्नी चालवायची. लाल उडून जातं, खाच राहते. सगळी तयारी झाली, तसे गुरुजी जिल्ह्याच्या मोठ्या अंमलदाराला समारंभाचं आमंत्रण द्यायला गेले. जायला यायला चार दिवस.

त्या चार दिवसांत शूहुआ अंथरुणातून उठली, हिंगुळाची वाटी घेतली, आणि शिळेभोवतीच्या चटयांच्या आडोशात जाऊन बसली. तीन दिवस लिहीत होती. एक नाव लिहायची, खोकायची, टेकायची, मग पुढचं. दुआन पाथरवट तिला शिडी धरून होता, आणि पुढचं सगळं त्याच्या घराण्यानं सांगितलेलं आहे. दुआनला वाचता येत नसे. पाथरवटाला वाचता येऊ नये, अशीच तेव्हाची समजूत. वाचणारा कोरताना शहाणपणा करतो म्हणे. पण त्याला एवढं कळलं, की हे फान वळण नव्हे. प्रत्येक नावाचा हात वेगळा होता. एक लंगडत होतं, एकाचे ठिपके खिळ्यासारखे होते. ज्या माणसानं जसं पाण्यानं लिहिलं होतं, तसंच तिनं ते दगडावर आणलं. जिनं वीस वर्षं बापाचा हात उतरवला, तिला या सदतीस जणांचे हात उतरवणं काय अवघड होतं? एका नावापाशी ती थांबून हसली, असं दुआन सांगे.

तिसऱ्या दिवशी ऊन कलताना तिनं त्याला खूण केली: कोर. दुआननं रिवाजाप्रमाणे मुहूर्ताचा एक घाव घातला, पहिल्या नावाचा पहिला ठिपका, आणि बाकीचं सकाळच्या उजेडासाठी ठेवलं. तिला घरी नेऊन पोचवावं लागलं, एवढी ती थकली होती.

सकाळी दुआनच्या आधी गुरुजी तिथे पोचले.

चटई बाजूला करून त्यांनी शिळा पाहिली. आता नीट ऐका, कारण सगळं इथेच आहे. दहा जिल्ह्यांत त्यांच्याइतका अक्षरं जाणणारा माणूस नव्हता, आणि सदतीस नावं त्यांच्यासमोर ठळक लाल रंगात होती. त्यांनी ती वाचली नाहीत. त्यांना दिसल्या त्या रेघा. ही आडवी खाली पडलीय, हा टोकाचा आकडा तुटलाय, हा ठिपका उलटा झुकलाय. वरपासून खालपर्यंत त्यांनी चुका पाहिल्या, आणि एकही नाव त्यांच्या डोक्यात शिरलं नाही. त्यांना वाटलं, आपण ज्याच्यासाठी जन्म घालवला त्या दगडावर कोणीतरी थुंकलं.

दुआन आला तेव्हा गुरुजी बाह्या सरसावून, तळ्याचं पाणी बादलीनं मारत, काथ्याच्या कुंच्यानं शिळा घासत होते. लाल ओघळ तळ्यात चालले होते.

"गुरुजी! अहो, नावं आहेत ती!"

"नावं? कोंबड्या उकरतात तेसुद्धा याहून बरं."

"ताईंनी तीन दिवस घातलेत, गुरुजी. त्यांच्या अंगात जीव नाही."

"तिला सांगेन मी. मागच्या बाजूला घेऊ नावं, बारीक. पण नीट अक्षरात. ती यादी देईल, मी लिहीन." आणि त्यांनी उरलेला कोपरा धुऊन टाकला. ठिपका तेवढा राहिला. तो धुऊन जाणारा नव्हता.

घरी येऊन त्यांनी जे केलं ते मुलीला सांगितलं. लपवलं नाही, त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. शूहुआ छताकडे बघत पडून राहिली. गुरुजींनी तिच्याजवळ पाटी ठेवली, पाण्याची वाटी ठेवली, हातात कुंचला दिला. "लिहून दाखव आता एकेक. मी उतरवून घेतो."

शेवटी ती उठून बसली. रागापेक्षा ती नावं तिला मोठी होती. ती लिहू लागली. पहिला ठिपका, मग त्याखाली आडवी रेघ. रेघ उजवीकडे खाली घसरली.

आणि फान गुरुजींनी मागून वाकून तिचा हात धरला. "मनगट उचल," ते म्हणाले. "रेघ चढू दे. चढू दे जरा." सात वर्षांची असताना म्हणत, तसंच. त्यांनी कुंचला वर घेतला, रेघ सरळ करायला.

कुंचला सहज त्यांच्या हातात आला. तिनं सोडून दिला होता.

पाटीवरचं पाणी वाळलं. गुरुजींनी कुंचला परत तिच्या बोटांत दिला, तो पडला. दुसऱ्या दिवशी दिला, तो पडला. चौथ्या दिवशी ते म्हणाले, "लिही. जसं येईल तसं लिही, पोरी, मी बोलणार नाही." तिनं कूस बदलली. सातव्या दिवशी ती गेली, आणि सदतीस नावं तिच्याबरोबर गेली.

गुरुजी शिळेपाशी धावले. दगडावर कागद चिकटवून त्यांनी ठसा घेतला, कुठे छिन्नीचा ओरखडा, कुठे हिंगुळाचा पापुद्रा उरला असेल या आशेनं. ठसा सबंध काळा निघाला. वरच्या कोपऱ्यात एक पांढरा ठिपका. त्यांनी रोज एक ठसा घेतला, वर्षभर. मग पंचांनी सांगितलं, झालं गेलं, आता तुमचा मजकूर लिहा. त्यावर दुआननंच हातोडा खाली ठेवला आणि तो म्हणाला, या दगडावर त्या नावांखेरीज दुसरं काही मी कोरणार नाही. पंचांनी दुसरा पाथरवट शोधला. तो येऊन ठिपका बघून परत गेला.

पुढच्या वसंतात, पितरांची थडगी झाडायच्या दिवशी, खिंडीपलीकडून एक बाई आली. तिच्याजवळ चिठोरं होतं. त्यावर तिच्या नवऱ्यानं कोळशानं आपलं नाव लिहून गाववाल्याबरोबर धाडलं होतं, बघ, मला येतं म्हणून. शिळेवर माणसांची नावं आहेत असं तिच्या कानावर आलं होतं. वाचता येत नव्हतं, म्हणून ती चिठोरं दगडाशी लावून नाव जुळवायला आली होती. कोरा दगड बघून तिनं तिथे बसलेल्या म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, आमच्या माणसाचं कुठे आहे?"

म्हातारा म्हणजे फान गुरुजी.

बाईनं तळ्यात बोट बुडवलं आणि चिठोऱ्यावर बघून बघून, वाकडंतिकडं, शिळेवर नवऱ्याचं नाव लिहिलं. गुरुजींचा हात उठला. मग त्यांनी तो दुसऱ्या हातानं धरून ठेवला. नाव वाळेपर्यंत धरून ठेवला होता, असं दुआन सांगे.

दुआन धावत छिन्नी घेऊन आला. बाई नको म्हणाली. "एकट्याचं कोरता? बाकीच्यांनी काय पाप केलं? सगळे येऊ देत, मग कोरा."

सगळे आले नाहीत. पुढच्या वर्षांत तिच्यासकट अकरा घरची माणसं आली. त्यांतली चार घरं तो ठिपका आपलाच म्हणून सांगतात. चौघांचीही नावं ठिपक्यानंच सुरू होतात. सव्वीस नावं अजून यायची आहेत.

आजही पितरांच्या दिवशी अख्खं गाव इथे येतं आणि साध्या पाण्यानं या शिळेवर आपापल्या मेलेल्यांची नावं लिहितं. वाळलं की पुढचा लिहितो. शाई आणायची नाही. आणि त्या दिवशी कोणाचंही अक्षर कोणी सुधारायचं नाही, मग ते किती का वाकडं असेना. टपरीवरचे म्हातारेही रांगेत असतात. पोरांच्या रेघा बघून त्यांची बोटं वळवळतात. ते हात पाठीमागे बांधून उभे राहतात. तांबूस डाग लोखंडाचा की हिंगुळाचा, तुम्हीच ठरवा.

फान गुरुजी त्यानंतर अठरा वर्षं जगले आणि त्यांनी शाईनं एकही अक्षर लिहिलं नाही. फान वळण आज कोणाला येत नाही. त्यांना एकच मुलगी होती. शेवटचे तीन दिवस तिनं भिंतीकडे तोंड केलं होतं.